चाचांनी पाहिलेलं उभं लाकूड

आमच्या शेजारच्या चाचांनी बोटांनी ठोकून पाहिलं नाही असं एकही दार कळंबात उरलेलं नाही. सारा जन्म लाकडाच्या वखारीत गेल्यामुळे ते माणसाच्या आधी चौकटीची विचारपूस करतात. माझ्या बहिणीसाठी स्थळ पाहायला गेलो, तेव्हा मुलाकडे ढुंकूनही न बघता चाचांनी त्यांचा पलंग ठोकला आणि निकाल दिला, "साग अस्सल हाय. माणसं फसवणारी न्हाईत." संसार सुखाचा झाला, त्यामुळे चाचांना नावं ठेवायची सोय राहिली नाही.

प्लायवूडचं नाव काढलं की त्यांना कारलं खाल्ल्यागत व्हायचं. आणि नेमकं त्यांच्याच मुलाने वखार मोडून प्लायवूडचं दुकान काढायचं ठरवलं. सागाला गिऱ्हाईक उरलं नाही हे चाचांनाही कळत होतं, पण हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. मुलगा बिचारा बापाच्या होकारासाठी थांबला होता. एके सकाळी चाचा माझ्याकडे आले. "सारी उमर आडवं लाकूड बघितलं. एकदा उभं दाखव."

येडशीकडच्या वनखात्याच्या रानात गेलो. सोबत वनरक्षक होता. सुरुवातीलाच तोडलेल्या सागाचे ओंडके रचलेले दिसले आणि चाचा खुलले. यात दोन चौकटी, यात पलंग, हा नुसताच आळशी, अशी एकेकाची कुंडली त्यांनी मांडली. पुढे उभी झाडं लागली आणि ते गोंधळले. साल आणि पानं अंगावर असलेली झाडं त्यांना ओळखूच येईनात. सवयीने त्यांनी एका खोडावर टकटक केली. वरून टकटक उत्तर आलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा उत्तर.

"सुतार पक्षी हाय, चाचा," वनरक्षक म्हणाला. "घर करायलाय. जरा दमानं."

चाचांनी चटकन हात मागे घेतला. "कामात हाय व्हय," असं पुटपुटत ते पाचोळ्यावर बसले आणि मान वर करून बराच वेळ ऐकत राहिले.

परतताना घाटात म्हणाले, "आपल्या वखारीवाचून लाकडाचं काय बी अडत न्हाय रे. पोराला म्हणावं, कर तुझं दुकान."

दुकानाच्या उद्घाटनाला चाचा आले. तिथे आता भुशाचा वास नव्हता. त्यांनी दुआ मागितली, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, सरबत घेतलं. मग माझ्या गाडीत येऊन बसले.

"घरी नगं," म्हणाले. "रानाकडं घे."