दप्तर पुढे

घर हलवायचंय म्हणून टेम्पोकाकांना फोन केला, की पत्ता विचारायच्या आधी ते विचारायचे, "पोरं कितवीला हायेत?" मजला कितवा, लिफ्ट आहे का, पलंग सुटा होतो का, हे सगळं मागाहून. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस असले आणि घरात दहावी-बारावीचं मूल निघालं, तर काका सरळ सांगत, मार्च होऊ द्या, मग या. आमच्या नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढची गल्ली गाठणारी माणसं पुष्कळ. अशा ठिकाणी टेम्पोवाल्यानं गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यावी, हे लोकांना पटायचं नाही. नाक्यावरचे बाकीचे टेम्पोवाले त्यांना चेष्टेनं हेडमास्तर म्हणत. तेही ऐकून घेत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

हे हेडमास्तर स्वतः पाचवी पास नव्हते. मूळचे जूचंद्रचे, आईवडील मिठागरावर राबणारे. दिवाळी उरकली की सगळं घर दूरच्या मिठागरावर झोपडी बांधून राहायला जायचं, ते पावसाच्या तोंडावर परतायचं. जूनमध्ये शाळा उघडली की काका वर्गात, आणि परीक्षा आली की खाऱ्या पाण्यात. "मिठाला परीक्षा ठावी नसते, बाय," ते मला म्हणाले होते. "पाचवीचे तीन जून बघितले मी. एप्रिल एक पन नाय बघितला." हे सांगताना ते हसले होते, पण मला काही हसू आलं नाही.

सामान भरण्याची त्यांची एक रीत होती. भांडी, गाद्या, कपाटं मागे. मुलांची दप्तरं मात्र पुढे, त्यांच्या शेजारच्या सीटवर. मागे ऊन लागतं, पोतं फाटतं, एखादी वही उडून गेली तर कोण परत आणणार, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक मालकीणबाई देव्हारा पुढे ठेवायला लागल्या तेव्हा काकांनी देवाला हात जोडले आणि दप्तराला जरा सरकवून दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

मी दहावीत असताना बाबांचा कारखाना बोईसरला हलला. तिथं राहायला खोली मिळत होती, पण जानेवारीतच ताबा घ्यायचा होता. पोरगी पेपरापुरती येईल-जाईल, असा बाबांचा हिशेब. काकांचा नियम माहीत असल्यामुळे त्यांनी फोनवर मी नववीत आहे असं ठोकून दिलं. सामान भरून झालं, काका माझं दप्तर पुढे ठेवायला गेले आणि वरचं पुस्तक बघून थबकले. अक्षरं त्यांना तेवढी लागत होती. दप्तर त्यांनी सीटवर न ठेवता स्वतःच्या खांद्याला लावलं आणि बाबांना म्हणाले, "सामान नेतो. पोरगी नाय नेनार."

बाबा चिडले, आईनं डोळ्यांना पदर लावला. शेवटी आईच काकांच्या घरी जाऊन काकींशी बोलून आली, आणि मी तीन महिने तिथं राहिले. मागच्याच गल्लीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांची प्रणाली तेव्हा पाळण्यात होती. ती रडायला लागली की काका तिला उचलून जिन्यात फेऱ्या मारत, माझं गणित चुकू नये म्हणून. पेपर संपले त्या दिवशी त्यांनी मला टेम्पोत पुढे बसवून बोईसरला पोचवलं. मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन पुन्हा नालासोपाऱ्यातच आले. काका आडमुठं गिऱ्हाईक भेटलं की माझंच उदाहरण द्यायचे. त्या मार्चचं मी आयुष्यभर खाल्लं, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी डिसेंबरात काका माझ्या शाळेत आले. त्यांच्या इमारतीवर धोकादायक असल्याची नोटीस लागली होती. राहायला जागा एकच, जूचंद्रला भावाचं घर, तिथं आधीच नऊ माणसं. प्रणाली दहावीत. काका माझ्यासमोर विद्यार्थ्यासारखे उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाय, तू मास्तरीन. घर आधी बघू का पोरीचं वर्ष?"

मी म्हटलं, "काका, एवढे तीन महिने काढा. मार्चनंतर हलवा."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांचाच नियम मी त्यांना परत दिला होता. प्रणालीला माझ्याकडे ठेवा, हे एक वाक्य मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. घरात सासूबाई आजारी, जागा अपुरी, आणि तुळया काय लगेच पडतात, असं मनाशी म्हणून मी ते गिळलं. त्यांनी मात्र मला ठेवून घेताना खोल्या मोजल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत एका दुपारी इमारतीची मागची बाजू खाली आली. काकी बाजारात, प्रणाली शाळेत सरावाचा पेपर देत होती. काका सकाळची फेरी करून, जेवून जरा आडवे झाले होते. संध्याकाळी बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. टेम्पो रस्त्यावर उभा होता, त्याला ओरखडाही नव्हता. पुढच्या सीटवर प्रणालीची सगळी पुस्तकं दोरीनं बांधून ठेवलेली. नोटीस लागल्यापासून ते अभ्यासाला लागतील तेवढीच पुस्तकं वर नेत आणि पुन्हा खाली आणून ठेवत, असं काकींनी सांगितलं.

प्रणालीनं सगळे पेपर दिले, माझ्या घरून. सासूबाईंची खाट स्वयंपाकघरात गेली, कुणाचं काही अडलं नाही. जागा होती.

शेवटच्या पेपरानंतर मी तिला जूचंद्रला काकींकडे पोचवायला निघाले. टेम्पो तोच, चालवणारा नाक्यावरचा दुसरा. तिनं न सांगता दप्तर पुढे ठेवलं आणि त्याला धरून बसली. नायगावचा पूल ओलांडला. मग म्हणाली, "ताई, पप्पांनी तुम्हाला विचारलेलं ना?"

हो म्हटलं. थांबा म्हणून मीच सांगितलं, हेही सांगितलं. ते न सांगता तिच्या शेजारी बसणं मला जमलं नसतं. ती रडेल, बोलेल, काहीही चालेल अशी मी तयारी केली होती.

तिनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "घरी येऊन त्यांनी मला पण विचारलं," ती म्हणाली. "मी पण तेच सांगितलं."

पुढं मिठागरं लागली. आम्ही दोघी दप्तराच्या दोन बाजूंना बसून होतो.