पर्मनंट झालंस काय गो?

दादरला पुलाखाली खासगी बस उभी होती आणि बाबा क्लीनरशी भांडत होते. माझ्या पुस्तकांची ट्रंक टपावर टाकायची नाही, आत ठेवायची, यावर ते अडून बसले होते. "कायद्याची पुस्तकां हत ती! भिजली तर तू देतलस?" क्लीनर कर्नाटकातला. त्याला मालवणी कळली नाही, पण आवाज कळला, ट्रंक आत गेली. आईने खिडकीतून सुकटीची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि पदराने तोंड पुसलं. बाबा मात्र खिडकीची सळई धरून म्हणाले, "नोकरी पर्मनंट हा ना गो?"

"होईल बाबा. पहिली काही वर्षं सगळ्यांनाच करारावर घेतात."

"म्हंजे बदली," ते म्हणाले. तेवढ्यात बस हलली.

हे आपल्या चाळीच्या अंकासाठी आहे, त्यामुळे चाळीतल्या तुम्हा लोकांना बदली म्हणजे काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखी जी मंडळी लालबाग सोडून पांगली, त्यांच्या पोरांना ते ठाऊक नसणार, म्हणून लिहिते. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहायचा. कुणी पर्मनंट माणूस आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. नाही तर घरी परत. माझे बाबा ऐन उमेदीतली वर्षं असे उभे राहिले. दुसऱ्याला ताप आला की आमच्या घरी चूल नीट पेटायची. लहानपणी मला यात काही वावगं वाटायचं नाही. आता वाटतं, आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

मी जिथे गेले ते दक्षिणेतलं कायद्याचं नवंकोरं विद्यापीठ होतं. शहरापासून दूर, माळावर, काचेच्या इमारती, कापलेली हिरवळ. नव्या प्राध्यापकांचं इंडक्शन झालं. गळ्यात ओळखपत्रं, हातात कॉफीचे कागदी पेले. एकेकाने उठून स्वतःबद्दल सांगायचं होतं. मी सांगितलं, वडील मुंबईत गिरणी कामगार होते. डीन एकदम खूश! "वाह! धिस इज द रिअल इंडिया," म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. माझ्या बापाच्या बेकारीला टाळ्या! तेव्हा मला नुसतं अवघडल्यासारखं झालं. राग यायला वेळ लागला, पण आला तो गेला नाही.

शेवटी डीन म्हणाले, "फॅकल्टी नाही म्हणायचं, फॅमिली म्हणायचं." मग त्या फॅमिलीने आम्हा चौघा नव्यांना अकरा महिन्यांचा करार दिला. अकरा महिने झाले की थोडे दिवस घरी बसवायचं, मग पुन्हा नवा करार. का, तर सलग नोकरी झाली की माणूस उद्या हक्क मागेल. आणि मी शिकवत काय होते? कामगार कायदा! कामगाराला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायम करायचं टाळणं ही कशी लबाडी आहे, हे मी फळ्यावर लिहून समजावत होते. पोरं भराभर उतरवून घेत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, पण असं खरंच कोण करतं?" काय सांगणार कपाळ! मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू.

दर रविवारी बाबांचा फोन. तब्येत नाही, जेवणखाण नाही, पहिला प्रश्न ठरलेला. "पर्मनंट झालंस काय गो?" मी म्हणायची, पुढच्या वर्षी. असे बरेच रविवार गेले. मी क्वार्टर्समध्ये रुळले, सांबार आवडायला लागलं, 'अय्यो' तोंडात बसलं, सुकट भाजली की शेजारीण खिडक्या लावून घेते हेही कळलं. पण बिऱ्हाड म्हणून काही मांडलं नाही. कपाटसुद्धा घेतलं नाही. अकरा महिन्यांसाठी कुणी कपाट घेतं का?

मग एका वर्षी आम्ही चौघांनी ठरवलं, बस झालं. कायम करा, नाही तर नव्या करारावर कुणीच सही करणार नाही. मेसच्या मागे चहाच्या टपरीवर शपथा घेतल्या. सगळ्यात मोठ्याने बोलत होता वेणू. तो करार कायदा शिकवायचा, त्यामुळे त्याला फार चेव होता.

दोन दिवसांनी डीननी मला बोलावलं. एकटीला. कॉफी मागवली. म्हणाले, "लता, एक जागा कायमची भरायची आहे. यू आर अवर बेस्ट. आज सही करा, पुढच्या महिन्यात ऑर्डर निघेल. फक्त ते बाकीच्यांचं सोडून द्या." आणि वर म्हणतात कसे, "तुमच्या वडिलांना किती बरं वाटेल, विचार करा."

माझ्या बापाचं नाव त्या माणसाने घेतलं आणि मला थेट आमची खोली दिसली. गिरणी संप चालू होता. आई घरीच खानावळ चालवायची, तिच्याकडे जेवणारे गिरणी कामगार एकेक करून गावाला निघून गेले होते, मोठ्या पातेल्यांना काम उरलं नव्हतं. पेज, ती पण पातळ, त्यावर आम्ही दिवस काढत होतो. तेव्हा एका दुपारी गिरणीचा मुकादम चाळीत आला होता. खोलीखोलीत जाऊन एकेकट्याला भेटत होता. बाबांना म्हणाला, संप बेकायदा आहे, उद्यापासून आत चल, लगेच पर्मनंट करतो. बदलीला पर्मनंट! बाबांनी त्याला बसायला पाट दिला आणि सांगितलं, "संप बेकायदा आसात. मी बेकायदा नाय. चाय पी नि जा." शेजारच्या खोलीतले सावंतकाका मात्र दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गिरणीत गेले. बाबा त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. एकाच गॅलरीत, एकाच नळावर, इतकी वर्षं, अवाक्षर नाही. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. फणसवाडीतल्या एका इमारतीत ते वॉचमन राहिले. आणि गिरणीच्या जागी आता जो टॉवर आहे, त्याच्या गेटवर आपल्यालाच विचारतात, कुणाकडे जायचंय?

मी डीनना नाही म्हणाले. कॉफी तशीच ठेवून उठले. खरं सांगते, मला फार अभिमान वाटत होता. टपरीवर जाऊन वेणूला सांगायचं म्हणून पळतच गेले. वेणू नव्हता. तो माझ्यानंतर केबिनमध्ये गेला होता आणि त्याच कायमच्या जागेसाठी सही करून बाहेर आला होता. संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोघांनीही केली. त्यांना तर कायमची जागाही मिळाली नव्हती, नुसते आणखी अकरा महिने! मला बघून वेणू म्हणाला, "प्रॅक्टिकल राहायला पाहिजे, यार." चार कायदेपंडित, आणि मुकादम एका कॉफीत काम उरकून गेला. मला क्वार्टर रिकामं करायला सांगण्यात आलं.

त्या रविवारी मीच आधी फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, बाबा म्हणतील, शाबास गो बाय. निदान हुंकार तरी भरतील.

"खुळी की काय तू?" बाबा ओरडले. "पर्मनंट करी होते नि तू नको म्हटलंस? माझा बघून काय शिकलंस तू?"

"तुमचंच बघून शिकले!"

"सही केलंस असतंस तर माका आनंद झालो असतो."

मी हबकलेच. मग माझाही तोल गेला. "असं? मग सावंतकाकांशी इतकी वर्षं का बोलत नाही तुम्ही?"

बाबा हळूच म्हणाले, "ता येगळा. तेची चार पॉरां उपाशी होती."

"आणि मी, बाबा? मी उपाशी नव्हते?"

फोन आईच्या हातात गेला. आई रागाने काहीतरी पुटपुटली आणि तिने ठेवून दिला. मी त्या रिकाम्या क्वार्टर्समध्ये बसून रडले. डीनवर नाही, वेणूवर नाही, बापावर चिडून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. आवाज दबका. "गो, तुझो बापूस सावंतांकडे गेलो हा. दार उघडाच हा. दोघांव बोलनत नाय, नुसते बसलेत."

आज मी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कॉलेजात शिकवते. पुन्हा करारावर. नव्या लोकांचं स्वागत झालं की मी मागच्या रांगेत बसते आणि 'फॅमिली' हा शब्द आला की उघड उठून जाते. लोकांना मी भांडकुदळ वाटते. वाटू दे.

घर कुठे आहे असं मला विचारतात, तेव्हा मी लालबाग सांगते, माझा तिथे एक कपाटाएवढा कोपराही उरलेला नसताना. कारण 'मी उपाशी नव्हते?' हा प्रश्न मी डीनना विचारू शकत नव्हते, वेणूला नाही, कुठल्याच कोर्टाला नाही. तो विचारायची जागा जगात एकच आहे. बाबांनी त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. मे महिन्यात येतेय, तेव्हा समोर बसून पुन्हा विचारणार आहे.