वायरीच्या दुसऱ्या टोकाला

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते दुसऱ्या गाडीमागं दोरीनं बांधून त्याच्या दारात आणून सोडतात लोक. जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला रशीदभाईचं आणि माझं भागीदारीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. नव्वदनंतरची वर्षं. जुन्या जीपा, टेम्पो, आणि पुढं पुढं इंजिनात कम्प्युटर असलेल्या सेकंडहँड गाड्या. लोक चहा पिता पिता विचारायचे, शॉकची भीती वाटत नाही का? बारा व्होल्टच्या बॅटरीला कोण भितो! भीती वाटते ती गाडी स्वतःच्या मनानं वागायला लागली की.

जाफराबादकडं सवारी भरणारी एक जीप होती, बबन नावाच्या ड्रायव्हरची. त्याची तक्रार अशी, की चावी न लावताच कधी कधी स्टार्टर फिरतो. आम्ही हसलो. भाई जीपखाली शिरले. जीप गिअरमध्ये उभी, चावी बबनच्या खिशात. मी टेस्ट लॅम्प शोधून राह्यलो होतो, तेवढ्यात स्टार्टर गुरगुरला आणि जीप हातभर पुढं सरकली. चाकाला वीट लावलेली होती, तिला अडून थांबली.

भाईंचे फक्त पाय दिसत होते, आणि ते हलत नव्हते. मी हाक मारली. पाय धरून ओढायला लागलो, तसा खालून बारीक आवाज आला, "खींच मत. शर्ट फसा है. पहले बॅटरी निकाल."

मी टर्मिनल उपसून काढलं. भाई बाहेर आले तेव्हा तोंडाला रंग नव्हता. स्टार्टरच्या दोन वायरी एकमेकींवर घासून उघड्या पडल्या होत्या, जरा हलल्या की चिकटायच्या. बबनला विचारलं, हे इतकं होतं तर वरडून सांगायचं ना.

"सांगितलं की," बबन म्हणाला. "तुमीच हसले."

लग्नाच्या गाडीचा प्रकार वेगळाच. भर दुपारी, वरात आमच्या दुकानासमोरून चाललेली. गाडीवर दिवसाही पेटवलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा, आणि त्यांची वायर कुणीतरी थेट हेडलाइटच्या वायरीला पिळून दिलेली. डॅशबोर्डातून धूर निघाला. पुढचे उतरले, त्यांच्याबरोबर पुढं बसलेला नवरदेवही उतरला. नवरी मागं अडकली, कारण ती बसल्यावर मागची दोन्ही दारं फुलांच्या माळांसकट सुतळीनं घट्ट बांधली होती. आत ती खोकत होती आणि बाहेर सगळे एकमेकांना पाणी आणायला सांगत होते.

भाई पळत गेले, बॉनेट उचललं आणि बॅटरीची वायर हातानंच तोडली. तळहात भाजला, त्याची खूण पुढं कायम राहिली. मी पक्कडीनं सुतळी कापली. नवरी खाली उतरली, तिला धड उभं राहता येत नव्हतं. तेवढ्यात नवरदेवाची आत्या म्हणाली, पोरीचा पायगुण काही बरा दिसत नाही, बसल्याबरोबर गाडी पेटली.

नवरीनं तोंड पुसलं. "माझा पाय पडायच्या आधी वायर कोनी जोडली, ते इचारा."

नवरदेव खाली बघायला लागला.

बियाणं साफ करणाऱ्या एका कारखान्याचे सुपरवायझर होते, जाधवसाहेब. त्यांची जुनी व्हॅन कायम गोदामाच्या सावलीला उभी असायची. ती चालता चालता झटके खायला लागली, म्हणून आम्ही गोदामावरच गेलो. इंजिनचा कम्प्युटर डॅशबोर्डखाली, डाव्या कोपऱ्यात. मी उताणा पडून डोकं आत घातलं आणि वायरींच्या जुडग्यावरून हात चाचपत वर नेला. वायरी कुरतडलेल्या लागल्या. पुढं काहीतरी गार, मऊ, मनगटाएवढं जाड लागलं. दाबून बघितलं.

"भाई, इथं पाण्याचा पाईप असतो का?"

बाहेरून भाई म्हणाले, "वहाँ पाईप नहीं होता."

त्यानंतर त्या पाईपानं अंग आक्रसलं. हात काढावा तर ते हलणार, ठेवावा तर श्वास घेता येईना. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला तरी पापणी मिटली नाही. ते सावकाश माझ्या मनगटावरून सरकत गेलं, संपतच नव्हतं. इंजिनाकडच्या भोकातून ते निघून गेलं तेव्हा जाधवसाहेबांना दिसलं आणि ते धामण, धामण म्हणत गोदामात पळाले. धामण बिनविषारी असते हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. काही उपयोग झाला नाही.

बियाण्याला उंदीर येतात आणि उंदीर वायरी खातात, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. उंदीर खायला कोण येतं, याचा विचारच केला नव्हता. वायरी भाईंनी जोडल्या. माझा हात कैक दिवस कुठल्याच डॅशबोर्डखाली जायला तयार नव्हता.

कुंभार पिंपळगावच्या गायकवाड सरांनी जुनी कम्प्युटरवाली गाडी घेतली होती. तापली की बंद पडायची, थंड झाली की बिनतक्रार चालू. कम्प्युटर आपला बिघाड दिव्याच्या लुकलुकण्यातून सांगतो. आम्ही वायर लावून बघितलं, तर सगळं ठीक. मंग मी म्हणालो, चालत्या गाडीत बसूनच बघतो. सर आईला प्लॅस्टर काढायला जालन्याला आणणार होते. मी एसटीनं त्यांच्या गावी गेल्तो आणि येताना सोबत बसलो. म्हातारी मागच्या सीटवर आडवी, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

वाटेतल्या रेल्वे फाटकात, बरोबर रुळांवर, इंजिन बंद पडलं.

घंटी वाजायला लागली. फाटकवाल्यानं आम्हाला बघितलं आणि लाल झेंडी घेऊन तो रुळांवरून येणाऱ्या रेल्वेच्या दिशेनं पळत सुटला. लांब शिट्टी ऐकू आली. सर चावी फिरवत होते, स्टार्टर फिरत होता, इंजिन घेत नव्हतं. मंग ते उतरले, मागचं दार उघडून आईला काखेत धरून ओढायला लागले. प्लॅस्टरचा पाय दोन सीटांत अडकला. म्हातारी कळवळली. मीही खाली उतरलो; रूळ थरथरायला लागले होते, ते मला चपलेतून कळत होतं.

मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि चावी फिरवून तशीच धरली. इंजिन मेलेलंच, पण नुसत्या स्टार्टरच्या जोरावर गाडीनं एक हिसका खाल्ला. मंग दुसरा. सर उघडं दार धरून बाजूनं धावत होते. बॅटरी उतरत चालली, हिसके लहान होत गेले. मागची चाकं शेवटच्या रुळाला टेकून थांबली, पण मी चावी सोडली नाही. चाकं उतरली. अजून थोडं पुढं गेलो आणि बॅटरी संपली.

रेल्वे गेली. काचा वाजत राहिल्या.

इंजिन फिरतं की नाही याची खबर कम्प्युटरला देणारा एक सेन्सर असतो, तो तापला की मुका व्हायचा. हे आम्हाला नंतर सापडलं. तेव्हा मात्र सर रस्त्याकडेला खडीत बसले होते आणि माझी बोटं चावीवरून सुटत नव्हती.

मागच्या सीटवरून म्हातारीनं विचारलं, "बाळ्या, गाडीत कम्प्युटर हाय म्हनत होतास ना?"

"हो, आई."

"मंग त्याला रेल्वे दिसली न्हाई का?"