सुनेला खोकायला शिकवणाऱ्या बाई

"लाज घशात ठेवू नकोस, तिचा कफ होतो," असं श्वासाच्या बाई नव्या पेशंटला पहिल्याच भेटीत दरडावायच्या. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका इस्पितळात त्या छातीच्या पेशंटांकडून व्यायाम करून घेत. फिजिओथेरपिस्ट हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून त्या श्वासाच्या बाई. माहेर अक्कलकोटकडचं, फार रागावल्या की कानडीत शिरायच्या.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, हृदयाची झडप लहानपणच्या तापानं आवळली होती. ऑपरेशन मुंबईला व्हायचं होतं. त्याआधी छाती तयार करायला तिला बाईंच्या हवाली केलं. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, सोबतीला राहिले. बाई अक्काच्या बरगड्यांवर तळवे ठेवून म्हणायच्या, "श्वास घे. माझे हात बाजूला ढकल." मग रबरी नळीतून बाटलीतल्या पाण्यात सावकाश फुंकायला लावायच्या. बुडबुडे थांबले की त्यांची जीभ सुरू. "सासरी चूल फुंकतेस ना? मग इथं काय झालं?"

अक्का सगळं करायची, फक्त खोकायची नाही. तिच्या सासरी सुनेनं मोठ्यानं खोकणं म्हणजे उर्मटपणा. ती तोंडाला पदर लावून हळूच खाकरायची. बाईंनी पदर बाजूला ओढला आणि छातीशी कवटाळायला उशी दिली. "ऑपरेशननंतर कफ साचला तर त्यानंच मरशील. टाके दुखले तरी पोटातून खोकायचं."

"आणि मामंजी आले तर?"

"येऊ देत. त्यांच्यासमोरच परीक्षा घेते तुझी."

आणि घेतली. अक्काचे सासरे माळशिरसचे बागायतदार, वागायला सरळ माणूस. ते भेटायला आले तेव्हा बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि अक्काला खूण केली. अक्कानं उशी आवळली, डोळे मिटले आणि अशी खोकली की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

सासरेही हसले. "अवो बाई, येवढ्या जोरानं खोकती, मग हिला झालंय काय? छाती फाडायची कशाला?"

"ती बरी झालेली नाही. ऑपरेशन सोसायला तयार झालीय. झडप तशीच आहे," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण अक्काच बोलून गेली, "मला बी लई बरं वाटतंय की, बाई." कापायची भीती तिलाही होतीच. माझे वडील मान खाली घालून म्हणाले, "लेक आता त्यांच्या घरची. आमी काय बोलणार?"

ऑपरेशन रद्द झालं. अक्काला घरी घेऊन निघताना सासऱ्यांनी बाईंच्या हातात खण-नारळ ठेवला, अगदी मनापासून. "तुमच्या हाताला गुण हाय." बाई तो नारळ धरून दारात उभ्या राहिल्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. त्यानंतर म्हणे व्यायामाच्या वेळी त्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर काढायला लागल्या.

पुढे अक्काला दिवस गेले. आवळलेल्या झडपेला ते ओझं पेललं नाही. सातव्या महिन्यात, आडवं होता येईना म्हणून भिंतीला टेकून बसली होती, तशीच गेली.

बाई मोहोळला आमच्या घरी भेटायला आल्या, तेव्हा ओसरीवर अक्काच्या सासरची माणसं बसली होती. आता धाकटी द्या, सोयरीक तुटायला नको, असं बोलणं चाललं होतं. धाकटी म्हणजे मी. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "हिलाही इस्पितळात तपासलंय," त्या म्हणाल्या. "हिच्या छातीतही झडपेचा तोच आवाज आहे. बाळंतपण झेपायचं नाही. तरी द्यायची असेल तर द्या." सासरची माणसं टोप्या सावरत उठली.

एसटी स्टँडपर्यंत मी रडत त्यांच्यामागून गेले. "बाई, मला खरंच...?"

"गप. घोड्यासारखं हृदय आहे तुझं. घरात बोललीस तर बघ. कॉलेजात नाव घाल."

अक्काबद्दल त्या खरं बोलल्या, ते कुणी ऐकलं नाही. माझ्याबद्दलचं खोटं मात्र पंचक्रोशीला लगेच पटलं. स्थळं यायची थांबली. घरी बसवून काय करायचं, म्हणून वडिलांनी शिकू दिलं आणि आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली. बाईंचे उपकार फिटणारे नाहीत. आईला मात्र मी कधीच खरं सांगू शकले नाही. ती शेवटपर्यंत मला भरली घागर उचलू देत नव्हती. "ठेव खाली," म्हणायची, "एक गेली ती पुरे."