सातबोट

केतनच्या उजव्या हाताचा फोटो पाठवा, असं कंपनीने कळवलं आहे. सात दिवसांची मुदत आहे. आज तिसरा दिवस. केतनला जाऊन सोळा दिवस झाले.

केतन थळच्या कोळीवाड्यातला. आमच्या वाडीपासून त्याचं घर चालत दहा मिनिटांवर. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी अलिबागला मराठी घेऊन बी.ए. केलं. तो दहावीनंतर वडिलांच्या, हरेश्वरकाकांच्या बोटीवर गेला. तिथे विंच त्याच्याकडे होता. जाळं ओढणारा दोर त्या विंचवर गुंडाळला जातो. दोन वर्षांपूर्वी एकदा दोराबरोबर त्याचा उजवा हात आत गेला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मला म्हणाला, "रत्न्या, तू मराठीवाला ना? 'बोटीनं बोटं खाल्ली.' अलंकार वलख."

"यमक."

"मार्क किती?"

"दोन."

"तीन बोटं गेली आनि मार्क दोनच? काय रे तुमची युनिव्हर्सिटी."

हसलो आम्ही. त्यानंतर घराबाहेर त्याने तो हात कुणाला दाखवला नाही. मासळी निवडताना घालतात तो केशरी रबरी हातमोजा त्याने घेतला. रिकाम्या तीन बोटांत चिंध्या भरल्या. बाजारात, लग्नात, देवळात, सगळीकडे तो मोजा. एका हळदीत मोजा घालून नाचला. लोकांना ती गंमत वाटली. केसरकाकू, त्याची आई, सारखी मागे लागायची, "सिव्हिलला जाऊन अपंगाचा दाखला तरी काढ." तो म्हणायचा, "हात माजा हाय. मना म्हाईत हाय कसा हाय तो. दाखला कोनाला दाखवू?"

बोटीवर जाणं बंद झालं. मामाने मुंबईहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता. त्यावर तो खेळायला लागला. पाच जणांच्या टोळीचा खेळ. आपली टोळी, समोरची टोळी, मध्ये एक उजाड बंदर. माउस तो डाव्या हाताने चालवायला शिकला. बटणं दाबायच्या कामासाठी त्याने शिलाई मशीनचं पायडल घेतलं, जुन्या कीबोर्डच्या पोटातल्या तारा त्याला जोडल्या. मी कधी संध्याकाळी गेलो की तो टेबलाशी आणि टेबलाखाली त्याचा पाय चाललेला. काकू म्हणायची, "बघ, माजा पोर शिंपी झाला."

खेळात त्याने नाव घेतलं सातबोट. डाव्या हाताची पाच, उजव्याची दोन. इंग्रजी अक्षरांत ते नाव वाचून टोळीतल्या पोरांना वाटलं, याच्या सात बोटी आहेत. टोळीचा कप्तान चिराग, पनवेलचा. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचे. तो केतनला शेट म्हणायचा.

"शेट, आज किती टन मासली?"

"बर्फ संपला रे, बाकी काय टेन्शन न्हाय."

"साती बोटी भाड्यानं दे ना भाई, लग्नाला."

केतनने कधी दुरुस्ती केली नाही. मोजा न घालता तो एवढं हसताना मी फक्त तिथेच पाहिला.

जानेवारीत खेळाची नवी आवृत्ती आली. ती जुन्या विंडोजवर चालेना. नवं विंडोज त्या कॉम्प्युटरवर बसेना. फेब्रुवारीअखेर पनवेलला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. टोळ्या पहिल्यांदा समोरासमोर येणार होत्या. केतनने जायचं ठरवलं होतं. मोजा न घालता.

"आधी खेल बघू दे तेंना," म्हणाला, "मंग हात."

म्हणून त्याने विंडोजऐवजी चालणारी एक दुसरी सिस्टीम शोधून काढली. लिनक्सवर उभी केलेली, नवीन, खास खेळांसाठीची. फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते. एका रविवारी दुपारी पेनड्राइव्ह लावून आम्ही बसलो. दोनदा पडदा काळाच राहिला.

"बूट होत न्हाय," केतन म्हणाला.

"बूट नको घालू, चप्पल घाल," काकू आतून म्हणाली. "त्या हातानं नाड्या कोन बांधनार?"

तिसऱ्यांदा चालू झाली. पायडल जोडल्याबरोबर सिस्टीमने विचारलं, हे नवीन यंत्र आहे, याला नाव काय देऊ? केतनने थोडा विचार केला. डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप केलं. उजवा हात.

कोणते खेळ या सिस्टीमवर चालतात याची यादी वापरणाऱ्यांनीच केलेली होती. आमच्या खेळासमोर इंग्रजीत एक ओळ होती. चालतो, पण खेळातली फसवणूक पकडणारा पहारेकरी प्रोग्राम हरकत घेऊ शकतो, जबाबदारी तुमची. केतनने मला विचारलं, "ह्याचा अर्थ काय रे?"

मी ओळ वाचली. म्हणालो, "असं सगळीकडेच लिहितात. औषधाच्या बाटलीवरही असतं."

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

नऊ दिवस खेळ उत्तम चालला. पायडलचा एकेक दाब त्याला हव्या त्या बटणाला बांधता येत होता. तो पूर्वीपेक्षा चांगला खेळायला लागला. चिराग म्हणाला, "शेट, काय खातोस रे हल्ली?"

"बोंबील."

दहाव्या दिवशी पडद्यावर खेळाऐवजी चार ओळी आल्या. खातं कायमचं बंद. परवानगी नसलेली सिस्टीम आणि परवानगी नसलेलं उपकरण वापरून अनुचित फायदा घेतल्याबद्दल. मी वाचून दाखवलं. केतनने उजवा हात पडद्यासमोर धरला.

"फायदा म्हंजे ह्यो?"

टोळीचा कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो. आधी सगळे एकदम बोलत होते. मग चिराग एकटा बोलला.

"बॉट लावून खेळत होतास? कॉम्प्युटर खेळायचा आणि आम्ही तुला शाबासकी देत होतो? अरे नावातच लिहिलंय ना भाई. सातबॉट. आम्हीच येडे."

केतनने माइक बंद केला. मी म्हणालो, "सांग त्याला. आत्ता सांग."

"आता सांगितला तर दया येल त्याला."

"मग येऊ दे."

"दया आली का मानूस चीटरला पन माफ करतो. मना माफी नको, रत्न्या. मी केलाच न्हाय."

खेळाच्या कंपनीकडे दाद मागता येते. पत्र मी लिहायचं, पण बोटांचं नाव काढायचं नाही, अशी त्याची अट. मी लिहिलं. सभ्य इंग्रजीत, तीन परिच्छेद. चार मिनिटांत उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे. एवढ्या वेळात ते कुणी वाचलंही नसेल.

त्याने कॉम्प्युटरवर आईचं जुनं लुगडं टाकलं. हरेश्वरकाकांचा एक खलाशी गावी निघून गेला होता. केतन म्हणाला, "घरात बसून काय करू? विंचला हात लावनार न्हाय. सुकानू धरीन." काकू दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच डबा भरून दिला.

तो बोटीवर जायला लागल्यावर मी दुसरं पत्र लिहिलं. त्याला न सांगता. त्यात सगळं लिहिलं. विंच, तीन बोटं, पायडल, नावाचा अर्थ. उत्तर आलं की सांगू, असं ठरवलं. त्याने शिव्या घातल्या असत्या. त्या मी खाल्ल्या असत्या.

तो बोटीवर जायला लागल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी बोट निघायची होती. बोट खोल पाण्यात नांगरलेली असते. किनाऱ्यावरून होडीने जायचं आणि दोर धरून वर चढायचं. बोटीवर इतर खलाशी होते, म्हणून केतनने मोजा घातला होता. तो चढत असताना लाट आली. होडी मागे सरली. दोर उजव्या हातात होता, तो सुटला. हरेश्वरकाका बोटीवरून खाली वाकलेले होते. त्यांनी त्याचा उजवा हात झडप घालून पकडला.

काकांनी नंतर मला तेवढंच सांगितलं. "हात गावला व्हता. मोजा आला हातात."

होडी परत आली आणि बोटीवर आदळली. केतन मध्ये होता.

मोजा अजून त्यांच्या ओसरीवर आहे. तिन्ही बोटं भरलेली.

परवा माझ्या दुसऱ्या पत्राला कंपनीचं उत्तर आलं. या वेळी कुणा माणसाने लिहिलं होतं, खाली नावही होतं. अशी परिस्थिती असल्यास खातं पुन्हा सुरू करू, आरोप मागे घेतल्याचं टोळीलाही कळवू. फक्त हाताचा फोटो हवा. किंवा दाखला.

दाखला नाही. मी माझ्या फोनमधले फोटो काढून बसलो. दोन वर्षांत चाळीसएक आहेत. समुद्रावरचे, जत्रेतले, त्या हळदीतला. सगळ्यांत मोजा आहे, किंवा हात पाठीमागे आहे. घरी हार घातलेला फोटो दहावीचा आहे. त्यात नुसता चेहरा.

चिरागला मी फोन केला नाही. पुराव्याशिवाय काय सांगू? आणि पुरावा असता, तरी केतनने सांगू दिलं असतं का?

आज दुपारी काकूकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं. हाताचा फोटो मिळाला तर केतनने फसवलं नाही हे त्या पोरांना कळेल. ती उठली. गादीखालून एक मोठा खाकी लिफाफा काढला. कोपरे मऊ झालेले होते. बरेचदा हाताळलेला असावा.

"ह्या चालंल?"

एक्स-रे होता. मी खिडकीशी नेला, उजेडात धरला. कोपऱ्यात केतनचं नाव, तारीख. अपघाताच्याच दिवशीची. ऑपरेशनच्या आधीचा. हाडांचा चुरा झाला होता, पण बोटं अजून हाताला होती.

"काकू," मी म्हणालो, "यात पाचही आहेत."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. फिल्मवर बोट ठेवून एकेक मोजलं.

"मंग?" ती म्हणाली. "पाचच व्हती त्याला."