हिरव्याचं निळं होताना

चुन्याचा, आंबलेल्या गुळाचा आणि भिजल्या सुताचा तो संमिश्र वास आजही कधी अवचित नाकाशी येतो, आणि मी चालता चालता थबकते. जुन्या जालन्यात, कुंडलिका नदीच्या अंगाला, रंगाऱ्यांची चारदोन घरं होती. शाळेत शिकवून परतताना माझी वाट त्यांच्या अंगणांवरून जाई. दोऱ्यांवर ओली लुगडी संथपणे हलत असत, त्यांच्या निळ्या सावल्या धुळीत लोळत असत, आणि मी मात्र पदर नाकाला लावून पावलं उचलत असे. रंग डोळ्यांना हवा, पण तो जिथे जन्माला येतो तिथला गंध नको, असला माझा सोवळा सौंदर्यविचार होता.

मी इतिहास शिकवत असे. प्राचीन व्यापाराच्या धड्यात भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा ओझरता उल्लेख येई. ते समुद्री गोगलगाईंपासून जांभळा रंग काढत, एवढीच एक ओळ. त्या ओळीवर माझा फार जीव होता. ज्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नाही त्यांच्यापुढे मी तो उभा करायची. हजारो शंखांतल्या गोगलगाई फोडाव्यात तेव्हा कुठे एका वस्त्राच्या काठापुरता रंग मिळायचा. गोगलगाईच्या अंगातला तो थेंब आधी पांढुरका असतो, मग पिवळा, मग हिरवा, आणि ऊन-वारा लागता लागता राजवस्त्राचा जांभळा होतो. सम्राटांच्या खांद्यावर मिरवणारं ते वैभव मुळात एका क्षुद्र जिवाच्या मरणातून उमलायचं, हे सांगताना माझा स्वर आपोआप मृदू होई. आणि मग, वर्ग सैल व्हावा म्हणून, मी शेवटी एक गंमत जोडत असे: त्या कामाला इतकी दुर्गंधी यायची, की रंगाऱ्यांना लोक गावाबाहेर ठेवत.

त्या वर्षी तिसऱ्या बाकावर शोभा बसायची. बाप रंगारी, आई नाही. मुलगी अबोल, आणि तिची नखं सदैव निळी. मी ती गंमत सांगितली आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. कुणीतरी नाक दाबलं. हशा पिकला.

आश्चर्य हे, की त्या हशातच शोभाने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या घरी बी असंच होतंय. कापड पिपातून हिरवं निघतंय, अन् हवा लागली की निळं होतंय. तुम्ही घरी या, अप्पा दाखवतील."

मी काय करायला हवं होतं, हे आज मला नेमकं कळतं. त्या दिवशी मी हसले. वर्गाबरोबर हसले. "अगं, ते राजांचे रंग होते. तुमच्या पिपातली नीळ वेगळी. बस खाली." ती बसली. पुढे काही दिवसांनी तिचे हात एकदम स्वच्छ दिसू लागले. मला ते लक्षात आलं, आणि मी भर वर्गात तिचं कौतुकही केलं. किती सहजपणे आपण एखाद्याच्या जखमेला नीटनेटकेपणा म्हणतो!

या उन्हाळ्यात माझी भाची चार दिवस राहायला आली होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. निवृत्त माणसाच्या हौसेने मी तिला माझा गोगलगाईचा धडा ऐकवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मावशी, तो जांभळा म्हणजे आपल्या निळीचा सख्खा भाऊच. दोघांची रीतही एकच. पाण्यात विरघळलेला असताना खरा रंग दिसतच नाही. कापड बाहेर काढलं, हवा लागली, की उमलतो."

माझ्या हातातला चहा निवला. इतक्या वर्षांत मी जे पुस्तकातून शिकवत आले, ते शोभाने आपल्या अंगणात रोज पाहिलं होतं. आणि माझ्या वर्गात त्या दिवशी खरं बोलणारी तीच एकटी होती.

शोध घेतला तेव्हा कळलं, की शोभाचं नवीन जालन्यात ब्लाऊजपीसचं दुकान आहे. मी गेले. तिने मला लगेच ओळखलं, स्टूल पुढे केलं. केसांत रुपेरी छटा आलेली, चष्मा लावलेली ती बाई माझ्यासमोर उभी होती. मग मी सरळच सांगितलं. "शोभा, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकले होते. तेवढं सांगायला आले."

ती कापडाची घडी घालत राहिली. "मी काय म्हणाले होते ते बिलकुल ध्यानात न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुम्ही हसलात, तेवढं ध्यानात राह्यलं." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "घरी गेले अन् लिंबानं हात घासले. मंग पिपाला हातच लावला न्हाई. अप्पांनी दोनतीनदा बोलावलं. मंग त्यांनी बी सोडून दिलं."

"आणि अप्पा?"

"जाऊन चार वर्षं झाली. पीप भंगारात गेलं. चालवणार कोण?"

मी म्हणाले, "तुला आठवतं तेवढं सांग. मला शिकायचंय."

ती सांगू लागली. चुना, गूळ, तरोट्याच्या रानझुडपाचं उकडलेलं बी. पीप झाकून ठेवायचं, उगाच ढवळायचं नाही. वर तांब्याच्या रंगाची साय धरली, की नीळ जिवंत आहे असं समजायचं. बोलता बोलता तिचे हात हवेतच कापड पिळू लागले, झटकू लागले, आणि मी तिच्यासमोर विद्यार्थिनीसारखी बसून होते.

"रोज सकाळी अप्पा बोट बुडवून जिभेला लावायचे," ती म्हणाली. "चवीवरून कळायचं त्यांना, चुना कमी हाय का गूळ कमी हाय ते."

"कशी असायची ती चव?"

तिचे हात थांबले.

"ते मला ठाऊक न्हाई, बाई. तू थोडी मोठी झालीस की शिकवतो, म्हणाले होते."

दुकानात गिऱ्हाईक आलं. ती उठून गेली. आयुष्यभर मी मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तर आलं नाही की रागावले. या प्रश्नाचं उत्तर आता कुणाकडेच नव्हतं, आणि मी त्या स्टुलावर मान खाली घालून बसून राहिले.