नवरदेव पाहिजे, जिवंत

आमच्या फ्लेक्सच्या दुकानात सगळ्यात जास्त टाईप होणारा शब्द 'शुभेच्छा' असेल, असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो शब्द आहे 'पाहिजे'. सेल्समन पाहिजे. द्राक्षबागेत छाटणीला माणसं पाहिजेत. शाकाहारी कुटुंबाला रूम पाहिजे. आणि खाली 'पगार समक्ष', नाहीतर 'भाडे समक्ष भेटीत'. हा शब्द माझी बोटं आता मला न विचारताच टाईप करतात. पुढं जे झालं ते त्या बोटांमुळं झालं, असं मी आप्पांना सांगून पाहिलं. आप्पा म्हणाले, "बोटं तुझीच ना पण?"

आप्पा म्हणजे दुकानाचे मालक. मी मूळची भंडाऱ्याकडची. आठवीपर्यंत शिकले, नववीची शाळा नदीपलीकडं होती आणि मी होडीत पाय ठेवायला तयार नसायचे. मग घरीच राहिले ती लग्न होईपर्यंत. नवऱ्याला नाशकात कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आले. आप्पांच्या दुकानात झाडूपोछ्याचं काम मागायला गेले होते. त्यांनी मला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल, आडनाव चुकलं तर लोक मारायला येतात." एवढंच माझं ट्रेनिंग. तेव्हापासून मी रोज सकाळी शटर वर गेल्यावर आधी ती खुर्ची जागेवर आहे का बघते. कुणी नेणार नसतं. पण बघते.

आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आप्पा म्हणाले, "घरचं कार्य आहे. गेटवरचा फ्लेक्स तू कर. तो नीट झाला की मी गल्ल्यावर बसायचं बंद करतो, दुकान तूच सांभाळ." मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून मला जेवण जाईना. नीट झाला नाही तर काय, ते आप्पा बोलले नव्हते. मला मात्र ते अक्षरात दिसायचं: 'ऑपरेटर पाहिजे. पगार समक्ष.' आणि तो फ्लेक्सही टाईप करायला दुसरं कोण होतं, मीच.

मुलगी मला वहिनी म्हणते, मी तिला ताई. ती एका दुपारी मोबाईल घेऊन आली. "वहिनी, हे बघ. आम्हाला असं करायचंय."

फोटो जुना होता, काळापांढरा. एक माणूस, एक बाई, मागं जुनी मोटार. बाईनं एक पाय मोटारीच्या बंपरवर ठेवलेला, तोंडात सिगार, हातात पिस्तूल.

"कोण गं हे? पाहुण्यांपैकी आहेत का?" मी विचारलं.

"अमेरिकेतले आहेत वहिनी. नव्वद वर्षांपूर्वीचे. लई प्रेम होतं दोघांचं."

"आणि पिस्तूल?"

"ते बँका लुटायचे ना."

तिनं सांगितलं ते असं. तिकडं तेव्हा मोठी मंदी होती. लोकांच्या हाताला काम नव्हतं, बँका लोकांची घरं नि शेतं ताब्यात घेत होत्या. त्यामुळं बँकेला कुणी लुटलं की लोकांना बरंच वाटायचं. ही जोडी मोटारीतून गावोगाव पळायची. असे आणखीही बरेच होते. एकानं तर म्हणे लाकडाचं पिस्तूल दाखवून तुरुंगातून पळ काढला. पेपरवाले त्यांचे फोटो छापायचे, लोक मिटक्या मारत वाचायचे. या दोघांनी एकदा हौसेनं स्वतःचे फोटो काढले, तो रोल पोलिसांच्या हाती लागला आणि मग ते फोटो सगळीकडं पसरले.

मला हे लगेच समजलं. आमचा धंदाच तो आहे. ज्याच्यावर तडीपारीची नोटीस आहे त्याचाही वाढदिवस आमच्याकडं छापला जातो, गॉगल घालून, हात जोडून, मागं सिंह. तो फ्लेक्स चौकात लागला की लहान पोरंसुद्धा त्याला दादा म्हणायला लागतात. फोटोतला माणूस आणि घरातला माणूस यांची गाठ पडत नाही.

"आणि माणसं नाही मारली का त्यांनी?" मी विचारलं.

"मारली ना," ती जरा हळू म्हणाली. "पोलीससुद्धा मारले. पण वहिनी, आपण फक्त थीम घेतोय."

नवरदेवही तयार होता. गंगापूर धरणाकडं जाऊन दोघांनी तसा फोटो काढला. मोटार आप्पांच्या मित्राची, जुनी, पांढरी, एक दार दोरीनं बांधलेलं. नवरदेवाची हॅट क्रिकेटच्या अंपायरची होती. ताईनं तोंडात पेन्सिल धरली होती, सिगार म्हणून. तेवढं सोडलं तर फोटो छान होता.

त्यांना हवा होता तो फ्लेक्स म्हणजे त्या काळच्या पोलिसांच्या पोस्टरसारखा. वर 'वाँटेड', मध्ये फोटो, खाली 'डेड ऑर अलाइव्ह', आणि त्याखाली 'रिवॉर्ड'. नमुना मला पाठवून ताई मेंदीला गेली. आप्पांनी जाता जाता खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पाहुणे सटाण्याकडचे आहेत. तिथं एक आत्या आहे, तिच्या शब्दाबाहेर घर जात नाही. इंग्रजी बघून ती नाक मुरडेल. सगळं मराठीत पाहिजे."

म्हणजे बघा, तो शब्द आप्पांनीच माझ्या तोंडात घातला.

वाँटेड म्हणजे पाहिजे. यात काय चुकलं? पेपरातसुद्धा 'पोलिसांना पाहिजे असलेला आरोपी' असं येतं. नवरदेवाचं नाव घातलं, वर 'पाहिजे'. पण नुसतं 'पाहिजे' उघडं दिसायला लागलं, म्हणून बोटांनी सवयीनं 'नवरदेव पाहिजे' केलं. मग डेड ऑर अलाइव्ह. मोबाईलवर विचारलं तर आलं, 'मृत किंवा जिवंत'. लग्नाच्या गेटवर 'मृत'? मी ते खोडलं. 'जिवंत' राहिलं. मग रिवॉर्ड. बक्षीस. पण किती ते नमुन्यात डॉलरमध्ये होतं आणि आपण कुणाच्या पोराची किंमत कशी लिहायची? मी खूप विचार केला आणि लिहिलं, 'बक्षीस समक्ष भेटीत'.

मला तेव्हा ते फार सभ्य वाटलं होतं.

आप्पांना म्हटलं, एकदा प्रूफ बघा, मी घाबरून राहिले. आप्पा आचाऱ्याशी फोनवर होते. "घाबरून राहू नको, घाबर नाहीतर घाबरू नको," म्हणाले. माझ्या भंडाऱ्याकडच्या बोलण्याची अशी थट्टा ते रोजच करतात. प्रूफ राहिलं ते राहिलंच.

लग्नाच्या दिवशी वरात कार्यालयाच्या गेटशी आली. बँड जोरात होता. नवरदेव घोड्यावर, पुढं त्याची आत्या, हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर. आत्यानं वर पाहिलं. हात वर केला. बँड थांबला. एवढ्या मोठ्या बँडला एका हातानं थांबवणारी बाई मी तेव्हाच पाहिली.

तिनं वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर जोडत. "नवर-देव... पाहिजे." मग मागं वळून घोड्याकडं पाहिलं. "नवरदेव पाहिजे? मंग हाऊ घोडावर कोण शे?"

तिची अहिराणी मला तेव्हा अर्धीच कळायची, पण हे पूर्ण कळलं.

"जिवंत," ती पुढं वाचत म्हणाली. "जिवंत म्हंजे? पहिला मरना का काय?" म्हणजे, आधीचा मेला की काय. मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ताईचं हे पहिलंच लग्न आहे, हे आप्पा मोठ्यानं सांगू लागले; न सांगते तर बरं होतं.

आणि मग ती शेवटच्या ओळीवर आली. "बक्षीस समक्ष भेटीत." तिचा चेहरा बदलला. "भाऊ, आम्हीन काही मांगेल नही. बैठकमा एक शब्द नही. आणि तुम्ही गेटवर लिखी टाकं, देणंघेणं समक्ष?"

आता हे गमतीचं राहिलं नाही. हुंडा घेणार नाही असं त्या घरानं चारचौघांत सांगितलं होतं आणि माझ्या ओळीनं ते खोटे ठरत होते. वऱ्हाडी मागं सरकले. नवरदेव घोड्यावरूनच समजावू लागला, "आत्या, ही अमेरिकेतली स्टाईल आहे, ते दोघं फार फेमस होते."

"कोण होतात?"

"चोर."

"मंग काय झालं त्यासनं?"

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या. मग म्हणाला, "मोटारीतच गोळ्या घातल्या पोलिसांनी. दोघांना. पण बघायला गर्दी लई झाली होती."

घोडासुद्धा हलला नाही.

आत्यानं आप्पांकडं पाहिलं. "हाई लिखं कोणी?"

"मी," आप्पा म्हणाले. लगेच म्हणाले. "माझं दुकान आहे. मी लिहिलं."

मी पाण्याच्या टाकीआड उभी होते. मला पळून जायचं होतं, भंडाऱ्यापर्यंत. पण आप्पांच्या मुलीचं लग्न, आणि आप्पांनी माझं स्वतःवर घ्यावं, हे ऐकल्यावर पाय मागं जाईनात. मी पुढं आले आणि एका दमात बोलले. "आत्याबाई, मी लिहिलं. मला इंग्रजी येत नाही. आम्ही रोज 'पगार समक्ष' लिहितो, तसं ते बोटांनी लिहिलं. हुंड्याचं माझ्या मनातही नव्हतं. आणि तिथं मेलेला किंवा जिवंत असं होतं. लग्नात मेलेला कसं लिहायचं, म्हणून मी ते काढलं. जिवंत तेवढं ठेवलं."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. "तू मेलेला काढी टाकं?"

"हो."

"आन् जिवंत ऱ्हाऊ दिधं?"

"हो."

ती घोड्याकडं वळली. "ऐक रे पोऱ्या. हाई बाई म्हणस, तू जिवंत पाहिजे. घरमा हेल्मेट शे, ते घालत जाय." मग आप्पांना म्हणाली, "ती शेवटनी ओळ काढा. बाकी ऱ्हाऊ द्या."

मी स्टुलावर चढून कटरनं शेवटची पट्टी कापली. घाईत कटर तिरका गेला आणि फोटोतल्या मोटारीचं चाकही त्यात गेलं. बँड सुरू झाला.

जेवणानंतर आत्याच मला शोधत आली. तिला त्या फ्लेक्ससमोर फोटो पाहिजे होता, नवरदेवानं मोबाईलवर दाखवलेल्या त्या अमेरिकेच्या बाईसारखा. ती जुनी मोटार कार्यालयाबाहेरच उभी होती. आत्यानं बंपरवर पाय ठेवला, कमरेवर हात ठेवला. तोंडात संपलेल्या कुल्फीची काडी होती, ती काढायची राहून गेली. फोटो मीच काढला.

पुढच्या आठवड्यात मी खुर्चीत बसले होते. आप्पा गल्ल्यावर होते. ते गल्ला सोडतील असं मला वाटत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. फोन वाजला. आप्पांनी ऐकलं, हसले, आणि रिसीव्हर माझ्यापुढं धरला. "सटाण्याहून आत्या. त्यांना मालक नको. 'पाहिजे' लिहिणारी बाई पाहिजे म्हणतात."

तो फोटो गावभर फिरला होता. सगळ्या गावात बोभाटा झाला होता की आत्या बिडी ओढते. कीर्तनाला गेली तर बायका तिच्या तोंडाचा वास घ्यायच्या. ताईनं मला नंतर सांगितलं की त्या अमेरिकेच्या बाईचंही तसंच झालं होतं म्हणे. ती सिगार ओढत नव्हती. गंमत म्हणून एकदा तोंडात धरली आणि लोकांनी ती तिच्या तोंडातून कधी काढूच दिली नाही.

आत्याला गावच्या चौकात फ्लेक्स लावायचा होता. फोटो तोच, पण खाली खुलासा. मजकूर मी लिहावा, म्हणाली, समजेल असा.

आप्पा उठले. चपला घातल्या. "मी घरी जेवायला जातो," म्हणाले, "चहाच्या वेळेपर्यंत काही येत नाही. कुणी आलं तर बघ." गल्ल्याची किल्ली कीबोर्डशेजारी ठेवून गेले. मी किल्लीकडं पाहिलं, मग खुर्ची जरा पुढं ओढली आणि टाईप केलं:

'ती काडी कुल्फीची होती.'

दोनदा वाचलं. प्रूफ म्हणून आईला पाठवलं. तिचा भंडाऱ्याहून लगेच फोन आला, "कोणाची काडी वं? काय लिहून राहिली तू?"